ओढ आणि बैठक

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात खांदशेकणी असते. बैलांना धुऊन आणतात, वर्षभर जिथं जू टेकलं त्या खांद्यावर तूप किंवा लोणी आणि हळद चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. पिंपळगाव राजा हे खामगाव तालुक्यातलं, काळ्या रानांचं आणि कपाशीचं गाव. तिथल्या माणसाला या विधीचा अर्थ सांगावा लागत नाही. हात फिरवता फिरवता त्याच्या बोटांना कळतं की खांदा कुठं निबर झालाय, कुठं गाठ येऊ पाहतेय, कोणत्या बाजूचे केस घासून गेलेत. गाडीची चाकं, आख, साटा हे सगळं लाकूड आणि लोखंड आहे. ओढणारं शरीर आणि ओढलं जाणारं वाहन जिथं एकमेकांना भिडतं, ती जागा मात्र कातडीची आहे. बिघाड तिथून सुरू होतो.

या प्रकरणात ज्या वाहनाची बैठक आपण समजून घेणार आहोत, त्यात ही जागा माणसाच्या कमरेशी आहे. वाहनाचं नाव काइट बगी. आपण पतंगगाडी म्हणू. तीन चाकं, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक झोळीसारखी बैठक, पुढच्या चाकाच्या काट्याला दोन खुंट्या आणि त्यांवर पाय. इंजिन नाही, पायडल नाही, बहुतेकींना ब्रेकही नाही. बसणाऱ्याच्या हातात एका मोठ्या पतंगाच्या दोऱ्या असतात आणि तो पतंग गाडीला ओढतो.

पतंगानं गाडी ओढण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरानं १८२६ मध्ये अशा गाडीचं पेटंट घेतलं होतं. तिचं नाव शारव्होलाँ. एकामागे एक जोडलेले मोठे पतंग तिला ओढत. पण पोकॉकच्या पतंगांचे दोर गाडीला बांधलेले होते. ओढ थेट सांगाड्यात जाई आणि माणसं घोडागाडीत बसावी तशी तिच्यात बसत. त्यामुळे तिच्या बैठकीत वेगळं असं काही नव्हतं. खरा बदल झाला तो १९९० च्या सुमारास. न्यूझीलंडमधल्या ॲशबर्टनच्या पीटर लिन या पतंगकारानं एका माणसाची, हलकी, सुटी करून मोटारीच्या डिकीत मावेल अशी तीनचाकी बनवली. तिच्यात पतंग गाडीला कुठंही बांधलेला नाही. तो माणसाच्या हातात आहे, आणि जोर वाढला की कमरेच्या पट्ट्यावरच्या आकड्यात अडकवलेला आहे. पतंग माणसाला ओढतो आणि माणूस गाडीला.

मोटारसायकलवर इंजिन गाडीला ढकलतं, गाडी बैठकीला आणि बैठक माणसाला. तिथं बैठक म्हणजे बसायची सोय. पतंगगाडीत हा क्रम उलटा आहे. माणूस बैलाच्या जागी आला आहे आणि बैठक जुवाच्या. म्हणून तिचा विचार मऊपणापासून सुरू केला की चुकतो. आधी विचारायचं ते हे: ओढ कुठून येते, किती येते, आणि माझ्या अंगातून गाडीत नेमकी कुठल्या जागी उतरते?

हिशोब करून पाहू. चार चौरस मीटरचा पतंग घ्या आणि ताशी साधारण २२ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ६ मीटरचा वारा. पतंग एका जागी स्थिर उभा असेल तर त्याची ओढ ढोबळ मानानं ७ किलोच्या आसपास भरते. बाजारातली पिशवी हातात धरावी एवढीच. पण पतंग आकाशात आडवा झोकला की तो स्वतःच्या वेगानं हवा कापू लागतो. त्याला लागणारा वारा तिप्पट झाला, तर ओढ नऊपट होते, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सातचे त्रेसष्ट किलो होतात, आणि तेही एका क्षणात. गाडी धावू लागली की हे आकडे वरखाली होतात, पण ओढीचा हा लहरीपणा जात नाही. बैल असा एकदम नऊपट जोर लावत नाही. आपल्या वजनाच्या साधारण दहा-बारा टक्के जोर तो तासन् तास लावतो आणि त्यातही त्याची एक लय असते.

आता हे ६३ किलो कोणत्या दिशेनं येतात ते पाहा. दोऱ्या जमिनीशी ३० अंशांचा कोन करत वर गेल्या असतील, तर निम्मी ओढ, सुमारे ३१ किलो, माणसाला वर उचलते. ७० किलोच्या माणसाचं बैठकीवरचं वजन ३९ किलोच उरतं. बाकीची ओढ आडवी, सुमारे ५५ किलो. पतंग प्रवासाच्या दिशेपासून ६० अंश बाजूला असेल तर या ५५ पैकी पुढं नेणारी ओढ २७ किलो आणि बाजूला खेचणारी ४७ किलो. म्हणजे त्या क्षणी बैठकीच्या तळावर ३९ किलोचा भार आहे आणि तिच्या एका कडेवर ४७ किलोचा. तळापेक्षा कड जास्त सोसते.

पतंगगाडीच्या बैठकीचं सगळं शास्त्र या दोन आकड्यांत आहे असं मी मानतो. दुकानात गेलेला माणूस गादी दाबून पाहतो. ती दाबायची सवय तळासाठी आहे, आणि या गाडीत खरा भार कुल्ह्याच्या बाजूला, वाऱ्याच्या उतरत्या अंगाला येतो. कुल्हा आणि बाजूची नळी यांच्यात दोन बोटांची मोकळी जागा राहिली, तर प्रत्येक झोक्याला शरीर आधी ती दोन बोटं सरकतं आणि मग नळीवर आदळतं. आदळण्याचा जोर नुसत्या ओढीपेक्षा कितीतरी जास्त असतो. तासाभरात कुल्ह्याच्या हाडावर काळानिळा डाग उमटतो. माणसाला वाटतं, गादी कमी पडली. कमी पडलेली असते ती मोजणी.

बैलांच्या खांदेसुजीबद्दल पशुवैद्य हेच सांगत आले आहेत. जोडीतले बैल उंचीला कमी-जास्त असले, जू खडबडीत असलं, गाडी धुरेवर जड भरली, पावसात भिजून नरम झालेल्या खांद्यावर काम काढलं, किंवा नव्या बैलाला एकदम मोठ्या ओझ्याला जुंपलं की खांदा सुजतो. उपाय म्हणून जुवाला चिंध्या गुंडाळल्या जातात. कारण तसंच राहिलं, तर त्या चिंध्यांखाली सूज वाढत राहते. जू नीट बसणं ही पहिली गोष्ट आहे, गुंडाळणं नंतरचं.

म्हणून माप घेण्यापासून सुरुवात करू. आधी हाडं शोधायची. जाड पुठ्ठ्याचा तुकडा सपाट दगडी पायरीवर ठेवून त्यावर पाय थोडे उचलून बसा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. ही बसण्याची हाडं. बसलेल्या माणसाचं वजन मुख्यतः यांनीच पेलायचं असतं. माकडहाड त्यांच्या मागे आणि वर असतं आणि त्यावर भार येता कामा नये. पण पतंगगाडीत पाय पुढं लांब पसरलेले आणि पाठ मागं रेललेली असते. त्यामुळे कटी मागं कलंडते आणि भार नकळत माकडहाडाकडे सरकतो. झोळीचा तळ मागच्या बाजूला जास्त लोंबला तर हे हमखास घडतं. खळग्यांच्या खुणा झोळीच्या कापडावर खडूनं उतरवून घ्याव्यात. पुढची पुष्कळ कामं या दोन ठिपक्यांवरून ठरतात.

रुंदी बसून मोजायची, उभं राहून नव्हे. बसल्यावर कुल्हे पसरतात. आणि गाडी चालवताना जे कपडे अंगावर असणार तेच घालून, कमरेचा पट्टा चढवून मोजायची. बाजूच्या नळ्यांमध्ये बसल्यावर दोन्हीकडे सपाट तळहात जेमतेम सरकावा, मूठ अजिबात नाही. सांगाडा रुंद असेल तर तो कापून अरुंद करायची गरज नसते. बाजूच्या गाद्यांनी ती जागा भरता येते, आणि त्या गाद्या तशाही हव्याच असतात.

यानंतरचं माप पायांचं. इथं या गाडीची आणखी एक विचित्र गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: बसणाऱ्याचे पायच तिचं सुकाणू आहेत. पुढं ओढणारे ते २७ किलो जर शरीराला झोळीतून पुढं सरकवू लागले, तर माणूस दोन्ही पाय खुंट्यांवर रेटून स्वतःला थोपवतो. रेटा दोन्ही पायांवर सारखा कधीच पडत नाही. मग गाडी आपोआप एका बाजूला वळते, नेमकी ज्या क्षणी ओढ सर्वांत जास्त आहे त्या क्षणी. यावर गादी काही करू शकत नाही, बैठकीचा आकार करतो. झोळीची पुढची कड मांड्यांखाली चार बोटं वर राहील आणि कुल्हे तिच्यामागच्या खोलगट जागेत बसतील अशी ती ताणायची. म्हणजे ओढ मांड्यांच्या मागच्या भागातून झोळीत उतरते आणि पाय वळवण्यासाठी मोकळे राहतात. ही कड गुडघ्याच्या अगदी मागं मात्र येऊ द्यायची नाही. तिथून रक्तवाहिन्या आणि नसा कातडीजवळून जातात, पायाला मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेल्या पायानं सुकाणू धरणं धोक्याचं आहे. काटा एका बाजूला पूर्ण वळवला तरी लांब झालेल्या पायाचा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. गुडघा ताठ झाला तर एका धक्क्यात मार थेट कुल्ह्याच्या सांध्यापर्यंत जातो.

बैठक मागं-पुढं कुठं असावी हे ज्यानं बैलगाडी भरली आहे त्याला दोन मिनिटांत समजेल. ओझं आखाच्या मागं गेलं की गाडी उलाळ होते, धुरा वर उठते. फार पुढं आलं की सगळा भार खांद्यावर. पतंगगाडीत बैठक मागं गेली तर पुढचं चाक हलकं होतं आणि वळवलं तरी गाडी वळत नाही. फार पुढं आली तर मागची चाकं हलकी होऊन आडवी घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते. दोन्ही टोकांच्या मधली जागा वजनकाट्यावर शोधता येते. घरातला काटा पुढच्या चाकाखाली ठेवायचा, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या विटा, आणि बैठक बोटभर पुढंमागं करत आकडा कसा बदलतो ते पाहायचं. एकदा गाडी मनासारखी वळू लागली की तो आकडा सांगाड्यावरच रंगानं लिहून ठेवावा. दुरुस्तीनंतर झोळी पुन्हा बसवताना तो लागतो.

झोळी कशाची करावी? बाहेरच्या देशांत कॉर्ड्युरासारखं जाड नायलॉन किंवा पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर वापरतात. दुसऱ्या प्रकारचं कापड आपल्याकडे गावोगाव आहे. ट्रकवर टाकायची चांगली ताडपत्री तीच. स्वस्त प्लास्टिकची विणलेली ताडपत्री मात्र चालणार नाही. ती उन्हात तुकड्यांनी झडते. झोळीचा सगळा भार कापडानं पेलायचा नसतो. कापडाखालून आडव्या-उभ्या पट्ट्या जायला हव्यात आणि त्या बकलांनी ताणता यायला हव्यात. मोटारीच्या सीटबेल्टची पॉलिएस्टर पट्टी यासाठी उत्तम. खाटेची सुती नवार मजबूत असते, विणलेली बैठक तिच्यावर छान बसते, पण ती भिजली की आखडते, सुकली की सैल पडते आणि ओलीच गुंडाळून ठेवली तर कुजते. घरातल्या पलंगासाठी नवार, मैदानासाठी पॉलिएस्टर.

ताणताना मागच्या पट्टीपासून सुरुवात करावी, मग पुढची, आणि दोन हाडांच्या ठिपक्यांखालची सर्वांत शेवटी. बसून पाहावं, उतरून पुन्हा ताणावं. नवं कापड पहिल्या काही फेऱ्यांत सैल पडतंच. झोळीचा सर्वांत खालचा बिंदू, माणूस बसलेला असताना आणि गाडी उसळत असताना, आखाला किंवा जमिनीला लागता कामा नये. याची खात्री करायला झोळीखाली ओल्या मातीचा गोळा ठेवून, वर बसून, दोनचार वेळा जोरानं उसळी घ्यावी. मातीला ठसा उमटला तर झोळी अजून वर हवी.

आता गादी. हा विषय मुद्दाम इतका मागं ठेवला, कारण वर सांगितलेलं सगळं झाल्यावर गादीचं काम फार थोडं उरतं, आणि ते थोडं काम नीट करता येतं.

वऱ्हाडात गादी म्हटलं की कापूस आठवणारच. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी होती की तिच्यासाठी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले होते. या मुलखातल्या माणसाला कापसाची गादी सोडायला सांगणं मला जड जातं. घरात तिला तोड नाही: ती श्वास घेते, घाम शोषते, आणि पाचसहा वर्षांनी गोळे झाली की पिंजारी धुनकीवर कापूस मोकळा करून तीच गादी नवी करून देतो. गाडीच्या बैठकीत मात्र हीच गुणवत्ता आड येते. कापसाचे तंतू दाबाखाली एकमेकांत गुंततात आणि स्वतःहून परत फुलत नाहीत. शिवलेल्या बैठकीत पिंजाऱ्याचा हात पोहोचत नाही. पाणी आणि चिखल शोषला तर ती आठवडाभर ओली राहते. जिथं जास्त दाब तिथूनच कापूस बाजूला सरकतो, म्हणजे हाडांखाली गादी सर्वांत पातळ होते आणि जिथं नको तिथं जाड.

मोटारसायकलच्या सीटमध्ये असतो तो पॉलीयुरेथेन फोम. हे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलं. या फोमचे बुडबुडे एकमेकांत उघडलेले असतात, म्हणून तो दाबला की हवा बाहेर जाते आणि सोडला की परत येते. त्याच वाटेनं पाणीही आत जातं. कुशनच्या दुकानात फोम ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असा मागतात. तो आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन. आकडा मोठा म्हणजे फोम कडक, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. जड फोम मऊही बनवता येतो. घनतेवरून कळतं ते मुख्यतः एवढंच की फोम किती वर्षं आपला आकार टिकवील. कडकपणा हातानं, किंवा खरं तर ढोपर रोवूनच, पाहावा लागतो.

पतंगगाडीला बंद बुडबुड्यांचा फोम हवा. रबरी चपलेच्या तळव्यासारखा लागतो तो ईव्हीए, किंवा ट्रेकिंगच्या चटईतला पॉलिथिनचा फोम. त्याचा प्रत्येक बुडबुडा वेगळा बंद असल्यामुळे पाणी आत शिरत नाही. तो फार खोल दबत नाही, आणि इथं तेच हवं आहे.

जाड, मऊ, खोल दबणाऱ्या गादीनं हादरे कमी बसतील असं कुणालाही वाटेल. ट्रॅक्टर चालवणारे शेतकरी हाच विचार करून सीटवर एकावर एक दोन उशा ठेवतात आणि संध्याकाळी कंबर धरून उतरतात. कारण असं: गादी आणि तिच्यावर बसलेलं शरीर मिळून एक झोका तयार होतो आणि त्याची स्वतःची लय असते, सेकंदाला साधारण चार वेळा. या लयीपेक्षा बरेच जलद, म्हणजे सुमारे दीडपटीहून जलद, हादरे गादी खाऊन टाकते. इंजिनची थरथर जाते ती अशी. पण त्या लयीच्या आसपासचे हादरे गादी वाढवून अंगात सोडते. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरांवर गाडी सेकंदाला दोन ते चार वेळा उसळते. आणि माणसाचा मणका उभ्या हादऱ्यांना सर्वांत हळवा असतो तोही सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. अंगाला बसणारे हादरे मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २६३१, याच पट्ट्याला सर्वांत जास्त वजन देतं. म्हणजे उशी नेमकी नको ती लय वाढवते. चांगल्या ट्रॅक्टरच्या सीटखाली स्प्रिंग आणि तिच्या जोडीला हादरा जिरवणारा दांडा असतो. काम तो करतो, वरची गादी नाही. जुन्या ट्रॅक्टरला आणि औताच्या यंत्रांना तर नुसता लोखंडी तवा असे, पण तो कुल्ह्यांच्या आकाराला ठोकलेला आणि लवचिक पट्टीवर बसवलेला. त्यावर गादी नसतानाही माणसं दिवसभर बसत.

पतंगगाडीला ना स्प्रिंग ना तो दांडा. तिच्याकडे फुगीर टायर आहेत आणि ताणलेली झोळी. खडबडीत जमिनीवर हवा कमी करून टायरला काम करू द्यावं. बैठक जाड करून ते काम तिच्यावर लादू नये. मी तळाला १० ते १५ मिलिमीटरची एकच पातळ गादी सुचवीन, माकडहाडाच्या जागी दोन बोटं रुंदीची खाच कापलेली. बाजूंना मात्र २०-२५ मिलिमीटर, नळीच्या वरच्या कडेपासून झोळीच्या तळापर्यंत, कुल्ह्याच्या उंचवट्याला पूर्ण झाकणारी. ४७ किलो ज्या जागेवर यायचे आहेत ती जागा जितकी रुंद तितका दर चौरस इंचाचा दाब कमी. पाठीच्या गादीला तर सर्वांत कमी जाडी पुरते. तिथं जाड गादी घातली की माणूस पुढं ढकलला जातो आणि मघाशी मोजलेलं पायांचं सगळं गणित बिघडतं.

गादी बैठकीला कायमची चिकटवू नये. रबर सोल्युशननं चिकटवलेला फोम वऱ्हाडच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ वर गेल्यावर, सुटतो आणि गोळा होऊन सरकतो. खोळ करून तिच्यात गादी सरकवावी, खोळीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी दोन आयलेट ठोकाव्यात, आणि काम झालं की गादी काढून सावलीत ठेवावी. रेक्झिनची खोळ दिसायला छान. पण रेक्झिनमधला मऊपणा आणणारा घटक उन्हानं हळूहळू निघून जातो, मग त्याला तडे पडतात आणि तड्यांच्या कडा कातडी कापतात. ताडपत्रीचंच कापड आत-बाहेर वापरलेलं बरं.

बैठक फाटते कुठं? जवळजवळ कधीच मधोमध नाही. फाटते ती पट्टी कापडाला जिथं शिवली आहे त्या कोपऱ्यात, किंवा कापड नळीवर घासतं त्या रेषेत. कोपऱ्यातली फाट ताणामुळे, रेषेतली फाट घासण्यामुळे, आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. घासण्याच्या जागी नुसतं ठिगळ लावलं तर ठिगळही घासून जातं. तिथं नळीवर आधी सायकलची जुनी ट्यूब चढवावी, किंवा मोच्याकडून चामड्याचा तुकडा सुतळीनं आवळून घ्यावा, आणि मग कापड दुरुस्त करावं.

कोपऱ्यातल्या फाटीला ठिगळ आतल्या अंगानं लावावं, फाटीच्या चारही बाजूंनी किमान तीन बोटं जास्त, आणि त्याचे कोपरे गोल कापावेत. चौकोनी कोपऱ्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि नवी फाट तिथून निघते. शिलाई दोन रांगांत, आणि टाके फार जवळ नकोत. दाट टाक्यांनी शिवण भक्कम दिसते, पण सुईच्या भोकांची ओळ कापडाला तेवढंच कमजोर करते. लेप दिलेल्या कापडात एकदा पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून शिवण चुकली तरी उसवून त्याच जागी पुन्हा शिवू नये. थोडं सरकून शिवावं. पट्टी जोडताना चौकोन शिवून त्यात फुली मारतात ती पद्धत सर्वांत विश्वासाची. भार कोणत्याही दिशेनं आला तरी काही टाके त्याच्या रेषेत असतात. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉनचा दोरा नवा असताना जास्त मजबूत असतो, पण तो लांबतो आणि उन्हात लवकर मरतो. सुती दोरा कुजतो. पट्टी कापल्यावर तिची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून घ्यावीत, नाहीतर वीण सुटत जाते.

हे काम कोण करील? पतंगगाडीचं दुकान खामगावात नाही, पण लागणारे हात सगळे आहेत. जीपचं हूड आणि ट्रॅक्टरची सीट शिवणाऱ्याकडे जाड कापडाचं शिलाई मशीन असतं. मोच्याकडे आरी आणि दाभण असतं, आणि मशीन पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात तोच टाका घालू शकतो. वेल्डिंगवाला नळ्या बघतो. त्यांना वाहनाचं नाव सांगण्यापेक्षा भार कोणत्या बाजूनं येतो ते हातानं ओढून दाखवावं. कारागिराला एवढं पुरतं, आणि बरेचदा तो आपल्याला न सुचलेली जागा दाखवतो.

झोळी उतरवली की सांगाडा नीट पाहून घ्यावा. बाजूच्या नळीला आडवा भार येतो, त्यामुळे तिच्या जोडाजवळ बारीक भेग पडू शकते. भेग रंगाच्या तड्यासारखी दिसते. नखानं रंग खरवडून पाहिल्याशिवाय कळत नाही. अशा नळीवर गादी चढवून ती झाकणं म्हणजे सुजलेल्या खांद्यावर झूल घालणं. बोल्टांची टोकं बैठकीच्या बाजूला आलेली असतील तर ती उलटी करून बाहेर काढावीत.

एक गोष्ट कधीही करू नये: माणसाला बैठकीला बांधणं. बैठक घट्ट हवी, पण अंग उचलून बाहेर पडता येईल इतकीच. पतंगानं गाडी उलटवली तर आकडा सोडून मोकळं होता आलं पाहिजे, म्हणून कमरेच्या पट्ट्याला एका हातानं सुटणारी कळ असते. खोळीचा बंद किंवा ठिगळाची लोंबणारी कड त्या कळीच्या आड येत नाही ना, हे प्रत्येक दुरुस्तीनंतर डोळे मिटून, हात चाचपडत तपासावं. आणि हा खेळ विजेच्या तारांजवळ किंवा रस्त्यालगत नाहीच. आपल्या शिवारांवरून तारा गेलेल्या असतात. ओलसर दोरी आणि तार यांची गाठ पडली तर बैठक कितीही चांगली असून काही उपयोग नाही.

पट्ट्या किती टिकतात याचं उत्तर उन्हावर आहे. पट्टी बोटांत वाकवली की कडक लागत असेल, रंग उडून पिठासारखी भुकटी हाताला येत असेल, तर ती फाटली नसली तरी बदलावी. सगळ्या पट्ट्या एकदम बदलाव्यात. एक नवी आणि बाकी जुन्या असं केलं तर नवी कमी लांबते, भार तिच्यावरच साठतो आणि झोळी तिरपी होते. जुनी झोळी टाकून देण्याआधी मात्र ती उसवून, सपाट करून, तिचा आकार जाड कागदावर उतरवून घ्यावा, ताणलेल्या जागा आणि हाडांचे ते दोन ठिपके खुणांसकट. वापरात कापड आपोआप बसणाऱ्याच्या अंगाच्या आकाराला येतं. नव्या मापानं पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा त्या आकारावरून कापलेली झोळी पहिल्याच दिवशी जास्त नीट बसते.